वही कुणासाठी?

गंगाराम चिंतामण तांबट हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? पेशवाईतला, 1790 च्या सुमाराचा पुण्याचा चित्रकार. इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्यानं वेरूळची लेणी, पहिलवान, पेशव्यांचा गेंडा अशी चित्रं काढली. ती परदेशी गेली. आज त्यातली बरीच अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पण ती स्कॅन झाली, म्हणून आपण नागपुरात बसून मोबाइलवर त्यातली रेघन् रेघ पाहू शकतो. डिजिटल प्रतीचं हे मोठंच देणं आहे.

पण एक भेद ध्यानात घ्या. तांबटांसमोर साहेब होता. आपल्या रेखाटनाच्या वहीसमोर कुणीच नसतो. फुटाळ्याच्या काठी बसून आपण झाड काढतो, ते झाड नीट बघावं म्हणून. चुकलेली रेघ सांगते, नजर कुठे घसरली ते. ‘हे लोकांना दाखवायचंय’ असं मनात आलं, की वहीत साहेब शिरला म्हणून समजा! मग हात जमणारंच काढतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी वही भरू द्या. महिन्या-दोन महिन्यांनी पानं निवडा. स्कॅनर असेल तर 300 डीपीआय पुरे. मोबाइल असेल तर सावलीतला उजेड घ्या, पान सपाट ठेवा, फ्लॅश नको. चुकलेल्या रेघा पुसू नका. फाइलच्या नावात तारीख आणि जागा लिहा. काही पानं कुणालाच दाखवू नका. तीही वहीच आहे.