बटण दाबलं, पण उचललं कुणी?

ऐन चकमकीत शिफ्ट पाच वेळा पटापट दाबा. पडद्यावर खिडकी टपकते: ‘स्टिकी कीज’ चालू करू का? तिला नको म्हणेपर्यंत समोरचा आपल्याला गोळी घालून मोकळा! दोन बटणं एकदम दाबणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठीची ही खरोखर चांगली सोय. गेमवाल्यांनी तिचा शॉर्टकट सेटिंगमधल्या ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त जाऊन बंद करावा. तिची बहीण जास्त डांबिस. उजवं शिफ्ट ८ सेकंद धरलं की ‘फिल्टर कीज’ विचारायला येते, आणि घाईत तिला हो म्हटलं की भराभर दाबलेली बटणं ती सरळ कानाआड करते.

लॅपटॉपवर गेमची बटणं चालेनाशी झाली की लोक कीबोर्ड उपटायला निघतात. तो बहुतेकदा ठणठणीत असतो. बटण गेमपर्यंत पोचायच्या आत मधलंच कुणीतरी ते गिळतं. चोर पकडायचा तर विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबा. पडद्यावर कीबोर्ड उमटेल. आता खरं बटण दाबल्यावर तिथलं उजळलं, तर बटण शाबूत आहे, घोळ पुढे आहे.

पहिला संशयित, वरची एफ-रांग. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत आपण नेमके कुठे आहोत हे एफ३ सांगतं. पण बऱ्याच लॅपटॉपवर त्याने नुसता आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त होतो. जोडीला एफएन दाबावं लागतं. अनेक लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की ही कटकट कायमची मिटते. काहींवर मात्र बायोसमध्ये शिरावं लागतं. जाता जाता: एफ३ आणि सी एकत्र दाबले की आपला पत्ता कॉपी होतो, पण तेच १० सेकंद धरून ठेवले की माइनक्राफ्ट कोसळतं. मुद्दाम ठेवलेली सोय आहे ती!

दुसरा संशयित अस्सल घरचा. मराठी कीबोर्ड बसवलेल्या लॅपटॉपवर खेळताना डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबलं गेलं की भाषा बदलू शकते. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये डब्ल्यू, ए, एस, डी या चालायच्या चार बटणांवर काय आहे? ऐ, ओ, ए यांच्या मात्रा आणि हलन्त. म्हणजे चौघांत मिळून एक धड व्यंजन नाही! बटणाची जागा ओळखणारे गेम तरीही चालतात, अक्षर वाचणारे जागच्या जागी थिजतात. विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या. फ्रेंच कीबोर्डवर ‘डब्ल्यू-ए’च्या जागी ‘झेड-क्यू’ असतात, त्यामुळे तिकडचे खेळाडू झेड, क्यू, एस, डीवर धावतात.

वर आणि डावा बाण दाबून तिरकं पळताना स्पेस दाबलं, तर उडी बसत नाही? इथे मात्र दोष कीबोर्डचाच, पण बिघाड नव्हे. साध्या कीबोर्डात प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते, आडव्या-उभ्या तारांचं जाळं असतं. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली की चौथंही दाबल्यासारखं भासतं. नसलेलं बटण नोंदवण्यापेक्षा कीबोर्ड तिसऱ्याकडेच काणाडोळा करतो. उडी कंट्रोल किंवा शिफ्टवर नेऊन पाहा, ती बहुधा या गर्दीतून वेगळी काढलेली असतात.

चालता येतं, पण चालताना मान वळत नाही? टचपॅडला वाटतं तुम्ही टाइप करताय, म्हणून तळवा लागू नये यासाठी ते झोपून जातं. त्याची संवेदनशीलता सगळ्यात वर न्या. त्याहून बरं म्हणजे साधा माउस लावा.

ब्राउझरमधल्या गेममध्ये कंट्रोलवर वाकणं असेल तर सांभाळून! वाकून पुढे सरकायला डब्ल्यू दाबलं की टॅबच बंद. आणि ‘व्हाइस सिटी’ या गेममधली ‘डेमोलिशन मॅन’ मोहीम आठवतेय? तिच्यातलं खेळण्यातलं हेलिकॉप्टर नमपॅडवर उडायचं. नमपॅड नसलेल्या लॅपटॉपवाल्यांचे काय हाल झाले असतील!

अशा वेळी इलाज एकच, गेमच्या कंट्रोल्समध्ये जाऊन बटणं बदलणं. त्यात कमीपणा नाही. १९९६च्या ‘क्वेक’मध्ये चालायला बाण दिलेले होते. डेनिस ‘थ्रेश’ फाँग हा खेळाडू मात्र डब्ल्यू-ए-एस-डीवर खेळायचा. १९९७च्या स्पर्धेत तो जिंकला आणि बक्षीस म्हणून ‘क्वेक’कर्त्या जॉन कार्मॅकची लाल फेरारी घेऊन गेला.