घरगुती साठवण-सर्व्हर : डिस्कचे दोष आणि अद्ययावतीकरणाचा प्रश्न

हस्तलिखितांची छायाचित्रे, क्षेत्रकार्यात मिळवलेली ध्वनिमुद्रणे, अर्धवट राहिलेल्या शब्दसूची व टिपणे अशी सामग्री आज अनेक अभ्यासकांच्या घरी एखाद्या लहानशा साठवण-सर्व्हरवर ठेवलेली असते. ज्या वृद्धेकडून जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या ती आज हयात नसते, आणि ज्या वाड्यातील पोथीची छायाचित्रे घेतली तो वाडाही पुष्कळदा उभा राहिलेला नसतो. अशा सामग्रीच्या बाबतीत ‘डिस्कमध्ये दोष आढळला’ ही सूचना पडद्यावर येणे म्हणजे केवळ यंत्राची तक्रार नव्हे. ती वाचून मनुष्य दोनपैकी एक गोष्ट करतो : घाबरून डिस्क तात्काळ बदलून टाकतो, किंवा यंत्र चालूच आहे असे पाहून सूचनेकडे दुर्लक्ष करतो. दोन्ही गोष्टींनी सामग्री गमावल्याची उदाहरणे आहेत. सूचनेचा अर्थ कसा लावावा आणि अद्ययावतीकरणाशी तिचा संबंध कोठे येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

साठवण-सर्व्हर म्हणजे मुळात अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडलेला, घरातील सर्व संगणकांना जाळ्यावरून फायली पुरवणारा संगणक. अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या कल्पनेस ‘रेड’ हे नाव व शास्त्रीय मांडणी १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन व रँडी कात्झ यांच्या निबंधाने दिली. तिचे मर्म सोपे आहे. तीन डिस्कवरील समान स्थानी असलेल्या बिटांपैकी एकांची संख्या सम की विषम, हे चौथ्या डिस्कवर नोंदवून ठेवले, म्हणजे त्यांपैकी कोणतीही एक नाहीशी झाली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यातील मजकूर गणिताने परत काढता येतो. (प्रत्यक्षात ही नोंद एकाच डिस्कवर न ठेवता सर्वांवर विभागून ठेवतात, तत्त्व तेच.) ही योजना एक डिस्क निकामी झाली असता काम खंडित होऊ नये यासाठी आहे. फाईल चुकून पुसली गेली, घरात चोरी झाली किंवा सर्व्हरवर वीज कोसळली, तर ती काहीही वाचवू शकत नाही. तिला ‘बॅकअप’ समजण्याची चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती येथे पुन्हा सांगणे अस्थानी ठरू नये.

आता दोषांकडे वळू. प्रत्येक डिस्कमध्ये ‘स्मार्ट’ नावाची स्वपरीक्षणाची व्यवस्था असते आणि ती अनेक क्रमांकित नोंदी ठेवते. नवख्या वाचकास त्यांतील मोठे आकडे पाहून भीती वाटते. परंतु काही उत्पादकांच्या डिस्कमध्ये क्रमांक १ ची नोंद कोट्यवधींच्या घरात असणे अगदी स्वाभाविक असते, कारण तेथे दोषांची संख्या नसून अनेक गोष्टी एका आकड्यात बांधलेल्या असतात. खरोखर पाहण्याजोग्या नोंदी थोड्याच आहेत. क्रमांक ५ म्हणजे खराब ठरल्यामुळे ज्यांच्या जागी राखीव जागा वापरली गेली असे सेक्टर. क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयासाठी प्रलंबित असलेले सेक्टर. क्रमांक १९८ म्हणजे स्वपरीक्षणात न वाचता आलेले. आणि क्रमांक १९९ म्हणजे डिस्क व संगणक यांच्यामधील वाटेवर, बहुधा केबलमध्ये, बिघडलेले संदेश.

यांपैकी १९७ व १९९ यांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. प्रलंबित सेक्टर हा मृत सेक्टर असेलच असे नाही. लिहिता लिहिता वीज गेली, तर अर्धवट लिहिलेला सेक्टर वाचता येत नाही व तो प्रलंबित ठरतो. त्यावर पुन्हा लिहिले असता ते सुखरूप उमटले, तर १९७ ची नोंद कमी होते आणि ५ ची वाढत नाही. असे झाले तर तबकडीचा पृष्ठभाग धड आहे व दोष विजेचा होता, असे म्हणावयास हरकत नाही. उलट १९७ कमी होताना ५ वाढत गेली, आणि आठवड्याआठवड्याला वाढतच राहिली, तर ती डिस्क झिजत चालली आहे.

१९९ ची गोष्ट निराळीच आहे. ही नोंद वाढली असता डिस्क बदलणे म्हणजे रस्ता खचला म्हणून गाडी विकण्यासारखे आहे. सैल बसलेली केबल, गंजलेला जोड, समुद्रकाठच्या दमट हवेत काळवंडलेली टोके ही तिची नित्याची कारणे. केबल बदलल्यावर हा आकडा शून्यावर येत नाही, कारण तो कायमचा असतो. तेव्हा आजचा आकडा कागदावर टिपून ठेवावा आणि तो पुढे वाढतो की नाही एवढेच पाहावे. संशय राहिलाच, तर दोन डिस्कच्या केबली परस्परांत बदलून पाहाव्यात. दोष डिस्कबरोबर गेला तर डिस्क सदोष. जुन्याच केबलीवर व जोडावर राहिला तर केबल किंवा जोड सदोष. ही साधी परीक्षा दहा मिनिटांत होते. तथापि ती करण्याऐवजी लोक नवी डिस्क मागवतात असे दिसते.

एकाच वेळी अनेक डिस्क नाहीशा झाल्या, तर संशय डिस्कवर घेऊ नये. चार डिस्क एकाच मिनिटाला झिजून मरत नाहीत. त्यांना एकत्र वीज पुरवणारी तार, पॉवर सप्लाय किंवा ज्या कार्डावर त्या जोडल्या आहेत ते कार्ड यांत कारण शोधावे. तसेच चेकसम तपासणाऱ्या फाईल-व्यवस्थेत सर्व डिस्कवर सारख्याच प्रमाणात चुका दिसू लागल्या, तर स्मृतीची म्हणजे रॅमची परीक्षा आधी करावी.

स्मार्टच्या नोंदींवर कितपत विसंबावे? या प्रश्नाचे उत्तर २००७ मध्ये गूगलच्या पिन्हेरो, वेबर व बारोसो या तिघांनी एक लाखाहून अधिक डिस्कच्या निरीक्षणावरून दिले. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याचा संभव, तशी चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट अधिक असतो, असे त्यांना आढळले. म्हणजे इशारा आला तर तो गंभीर मानावा. पण त्याच निबंधाची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे : निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चारही महत्त्वाच्या नोंदी शून्यच होत्या. इशारा आला नाही म्हणून डिस्क निरोगी आहे, हा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही. त्याच वर्षी श्रोडर व गिब्सन यांनी दाखवून दिले, की उत्पादकांच्या पत्रकांवरून डिस्क बदलण्याचे वार्षिक प्रमाण फार तर ०.८८ टक्के असावयास हवे होते. प्रत्यक्षात ते २ ते ४ टक्के असणे सामान्य होते आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत गेले होते.

याहूनही सूक्ष्म दोष म्हणजे मूक बिघाड. डिस्क मजकूर वाचून देते, चूक झाल्याचे सांगत नाही, पण दिलेला मजकूर मूळचा नसतो. २००८ मध्ये बैरवसुंदरम् व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ लाख ३० हजार डिस्कच्या ४१ महिन्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशी चार लाखांहून अधिक उदाहरणे सापडली. यावर उपाय म्हणून सन मायक्रोसिस्टिम्सने विकसित केलेल्या व २००५ मध्ये खुल्या केलेल्या ‘झेडएफएस’ या फाईल-व्यवस्थेत प्रत्येक खंडाचा चेकसम वेगळा जपला जातो. मजकूर वाचताना तो ताडून पाहिला जातो आणि विसंगती दिसल्यास दुसऱ्या डिस्कवरील धड प्रतीवरून दुरुस्ती होते. महिन्यातून एकदा सर्व मजकूर वाचून असा ताळा घेण्याच्या क्रियेस ‘स्क्रब’ म्हणतात. जी ध्वनिमुद्रणे वर्षानुवर्षे कोणी ऐकत नाही त्यांच्या बाबतीत स्क्रब हीच एक तपासणी होते.

डिस्क खरोखर बदलावयाची ठरली, तर पुनर्रचनेचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, कारण उरलेल्या सर्व डिस्क तेव्हा प्रथमच अथपासून इतिपर्यंत वाचल्या जातात. घरगुती डिस्कच्या पत्रकांत १०¹⁴ बिटांमागे एक न वाचता येणारा सेक्टर, अशी मर्यादा दिलेली असते. १०¹⁴ बिट म्हणजे १२.५ टेराबाईट. प्रत्यक्ष डिस्क पुष्कळदा याहून चांगल्या निघतात. परंतु चार टेराबाईटच्या तीन डिस्क वाचून चौथी घडवताना आपण त्या मर्यादेच्या उंबरठ्यावर असतो, हे विसरू नये. म्हणून पुनर्रचना सुरू करण्यापूर्वी बॅकअप ताजा करून घ्यावा. शिवाय नवी डिस्क कोणत्या जातीची आहे हे पाहावे. छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या, म्हणजे ‘एसएमआर’ जातीच्या डिस्क दीर्घकाळ चालणाऱ्या लेखनात अत्यंत मंद होतात व पुनर्रचना रखडते. साठवण-सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ मालिकेतील २ ते ६ टेराबाईटच्या काही डिस्क या जातीच्या असल्याचे वेस्टर्न डिजिटलने एप्रिल २०२० मध्ये, ग्राहकांनी प्रश्न उपस्थित केल्यानंतर, मान्य केले. वेष्टनावर ती गोष्ट लिहिलेली नव्हती.

अद्ययावतीकरणाचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण येथे करणे व न करणे या दोहोंतही जोखीम आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज होम सर्व्हर’मध्ये एकाहून अधिक डिस्क असता, काही प्रोग्रॅमांनी सर्व्हरवरील फायली जागच्या जागी संपादित केल्यास त्या बिघडतात, असे डिसेंबर २००७ मध्ये उघड झाले. त्यावरील दुरुस्ती जुलै २००८ मध्ये आली. मधल्या सात महिन्यांत ग्राहकांस एवढेच सांगितले गेले, की त्या प्रोग्रॅमांनी सर्व्हरवरील फाईल संपादित करू नये. झेडएफएसच्या खुल्या आवृत्तीचा नोव्हेंबर २०२३ मधील प्रसंग तर अधिक विचार करावयास लावणारा आहे. २.२.० ही आवृत्ती आल्यानंतर प्रती करताना काही फायलींत मध्येच शून्ये पडलेली आढळली. संशय साहजिकच नव्या सोयीवर गेला व २.२.१ मध्ये ती सोय बंद करण्यात आली; परंतु शोध घेता मूळ दोष कित्येक वर्षे जुना निघाला व नव्या परिस्थितीत तो केवळ अधिक वेळा प्रकट होत होता असे ठरले. २.२.२ व २.१.१४ या आवृत्त्यांत तो दूर झाला. अशा बिघडलेल्या प्रतीचा चेकसम मात्र बिनचूक होता. जे लिहिले तेच वाचले, एवढीच ग्वाही चेकसम देतो. लिहिले ते योग्य होते की नाही, हे त्यास ठाऊक नसते.

तर मग अद्ययावतीकरण करूच नये काय? ‘माय बुक लाइव्ह’ या घरगुती साठवण-यंत्रांना २०१५ नंतर नवे फर्मवेअर मिळालेच नव्हते. जून २०२१ मध्ये इंटरनेटवरून कोणी तरी ती यंत्रे मूळ कोऱ्या अवस्थेत नेली आणि जगभरातील अनेकांची सामग्री एका रात्रीत पुसली गेली. त्यांच्या डिस्कमध्ये एकही सदोष सेक्टर असण्याची गरज नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर प्रोग्रॅमाने क्यूनॅपच्या यंत्रांवरील फायली कुलूपबंद केल्या, तेव्हा त्या कंपनीने अद्ययावतीकरण ग्राहकांच्या यंत्रांवर आपण होऊन लादले. त्याबद्दलही काहींनी तक्रार केली. माझे मत असे, की यंत्र इंटरनेटवर थेट उघडे ठेवूच नये. तसे केले म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या त्वरित घेऊनही, मोठ्या नव्या आवृत्तीसाठी दोन-तीन महिने थांबण्याची मोकळीक मिळते.

अद्ययावतीकरणानंतर डिस्कचा दोष दिसू लागला, तर ‘नव्या आवृत्तीने डिस्क बिघडवली’ असा समज होतो. बहुधा तसे नसते. महिनोन्महिने फिरत असलेली डिस्क पुनरारंभाच्या वेळी थांबते व पुन्हा गती घेते, आणि जीर्ण डिस्कला तेवढा ताण पुरतो. कधी नवी आवृत्ती पूर्वी न दाखवलेल्या नोंदी दाखवू लागते. कधी यंत्राने डिस्कना दिलेली नावे बदलतात व कालची पहिली डिस्क आज तिसरी म्हणून दिसते. म्हणून डिस्क नेहमी तिच्या अनुक्रमांकावरून ओळखावी आणि तो क्रमांक पेटीच्या दर्शनी भागावर चिकटवून ठेवावा. सदोष डिस्क काढावयाची असता निरोगी डिस्क ओढून काढली गेली, की सबंध संच कोसळण्याची वेळ येते.

डिस्कच्या स्वतःच्या फर्मवेअरचे एक उदाहरण येथे देणे अवश्य आहे. ते घरगुती नव्हे, व्यावसायिक यंत्रांतले आहे. एचपीई कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये कळवले, की तिच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडतात. हा आकडा २ चा पंधरावा घात होय. तासांची मोजणी ठेवणारी जागा तेथे भरून जात होती. एकाच दिवशी सुरू केलेल्या अशा डिस्क, नवे फर्मवेअर न घातल्यास, ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी जवळजवळ एकाच क्षणी मेल्या असत्या व रेडचे गणित निष्फळ झाले असते. एका संचात निरनिराळ्या वेळी घेतलेल्या डिस्क घालाव्यात, या जुन्या सल्ल्याचे कारण यात स्पष्ट दिसते.

प्रत्यक्ष क्रम असा ठेवावा. अद्ययावतीकरणापूर्वी स्क्रब पूर्ण करावा, स्मार्टच्या चारही नोंदी टिपून ठेवाव्यात, सर्व्हरच्या रचनेची फाईल बाहेर उतरवून घ्यावी आणि बॅकअपमधील दोन-चार फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. डिस्क आधीच आजारी असेल, तर प्रथम ती बदलावी. दोन्ही कामे एकाच रात्री करू नयेत. झेडएफएसवर चालणाऱ्या सर्व्हरवर नवी आवृत्ती आल्यानंतर ‘पूल अद्ययावत करा’ अशी विनंती दिसते, ती लगेच मान्य करू नये. प्रणाली मागील आवृत्तीवर परत नेता येते; पण पुलामध्ये एकदा नव्या सोयी सुरू झाल्या, की जुनी आवृत्ती तो पूल बहुधा उघडू शकत नाही व परतीची वाट बंद होते. काही आठवडे सुरळीत गेल्यावरच ते पाऊल उचलावे.

काढलेली सदोष डिस्क पुनर्रचना संपून त्यानंतरचा पहिला स्क्रब निर्दोष पार पडेपर्यंत टाकून देऊ नये. पाच-पंचवीस सेक्टर सोडता तिच्यावरील सर्व मजकूर अद्याप वाचता येण्याजोगा असतो, आणि मध्येच दुसरी डिस्क गेली तर ‘डीडीरेस्क्यू’सारख्या प्रोग्रॅमाने तिच्यावरून नव्या डिस्कवर प्रत उतरवून घेता येते. तोवर ती कोरड्या जागी, तारीख व अनुक्रमांक लिहिलेल्या पाकिटात ठेवावी.