कागद किती वर्षे जपावा?

नाताळापूर्वी घराची झाडलोट निघाली, की माळ्यावरची जुनी पत्र्याची पेटी हमखास खाली येते. तीत भाडेपावत्या असतात, घरपट्टीच्या पावत्या असतात, आजोबांच्या वेळचा एखादा करारनामा असतो, आणि कशाचे ते कोणासच न उमगणारे चार-दोन पिवळे कागदही निघतात. मुले म्हणतात, रद्दीत घाला. वडीलधारी माणसे म्हणतात, असू द्या. हा वाद जसा घरोघरी, तसाच तो सरकारी कचेऱ्यांतही चालतो. गरिबांस घरे देणाऱ्या, जुन्या वस्त्या उठवून नव्या वसविणाऱ्या कचेऱ्यांत तर त्याला विशेष महत्त्व आहे. कारण तेथील एकेका कागदामागे एकेक कुटुंब उभे असते. अमेरिकेत या प्रश्नाचा निकाल कसा लावला आहे, हे आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्या देशात गरिबांच्या निवाऱ्यासाठी लागणारा पुष्कळसा पैसा मध्यवर्ती सरकार देते, आणि तो खर्च करतात शहरोशहरीच्या स्थानिक कचेऱ्या. वस्ती-विकासाच्या अनुदानाचा कायदा १९७४ सालचा, तर परवडणाऱ्या घरांच्या अनुदानाचा १९९० सालचा. अशा केंद्रीय अनुदानांस लागू असलेला सर्वसाधारण नियम असा, की अखेरचा हिशेब सादर झाल्यापासून निदान ३ वर्षे कागद जपले पाहिजेत. त्या मुदतीत हिशेबतपासणी किंवा कोर्टकज्जा उभा राहिला, तर त्याचा निकाल लागेपर्यंत एकही कागद नष्ट करता येत नाही.

तथापि ३ वर्षांचा हा नियम म्हणजे सर्वस्व नव्हे. भाड्यासाठी सरकारी साहाय्य मिळणाऱ्या कुटुंबाचा अर्ज व भाडेकरार, ते कुटुंब त्या घरात असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी ३ वर्षे ठेवावा लागतो. कर्ज दिलेले असेल, तर ते फिटेपर्यंत त्याचे दप्तर हलवायचे नाही. १९९० च्या कायद्याखाली भाड्याची नवी घरे बांधली, तर ती २० वर्षेपर्यंत गरिबांस परवडतील अशाच भाड्याने द्यावी लागतात. तेथील भाड्याची, भाडेकरूंच्या उत्पन्नाची व घरांच्या पाहणीची लगतच्या ५ वर्षांची कागदपत्रे सदैव हाताशी असावी लागतात, आणि ही जबाबदारी २० वर्षांची मुदत संपल्यावरही आणखी ५ वर्षे चालते. येथे कागदाचे आयुष्य दिनदर्शिकेवरून ठरविलेले नाही. त्या कागदात दिलेले वचन जोवर जिवंत, तोवर कागदही जिवंत, असा हा न्याय आहे. आम्हांस तो शहाणपणाचा वाटतो.

कोणी म्हणेल, मग सर्वच कागद कायमचे का ठेवू नयेत? तेही योग्य नव्हे. या दप्तरांत कुटुंबाची मिळकत असते, आजारपण असते, घरातील अडचणी असतात. गरजेपोटी माणसाने कचेरीत जे सांगितले, ते पिढ्यान्‌पिढ्या परक्यांच्या हाती राहावे, हे त्याच्या प्रतिष्ठेस शोभत नाही. काम संपल्यावर असे कागद रीतसर नष्ट करणे हाही सचोटीचाच भाग होय.

परंतु वचन केव्हा संपले, हे ठरवायचे कोणी? येथेच खरी मेख आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराची हकीकत या दृष्टीने फार बोलकी आहे.

त्या शहरात वेस्टर्न ॲडिशन नावाचा जुना भाग आहे. फिलमोर रस्त्याच्या आसपास कृष्णवर्णीय कुटुंबांची दाट वस्ती होती. युद्धकाळातील छावण्यांतून परतलेली जपानी वंशाची कुटुंबेही तेथे राहत. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने जुन्या वस्त्या पाडण्यास केंद्राचा पैसा मिळू लागला, आणि शहराच्या पुनर्विकास संस्थेने १९५० नंतरच्या दशकात तेथे पाडापाडीस हात घातला. १९६४ साली आणखी मोठ्या भागाची योजना मंजूर झाली. हजारो कुटुंबे उठली. १९६८ साली रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली, तेव्हा पुनर्वसनाची तजवीज अपुरी असल्याचे पाहून न्यायालयाने काही काळ मनाईही केली.

या विस्थापितांस संस्थेने प्राधान्याचे दाखले दिले. नवी घरे बांधून झाली, की दाखलेधारकांस प्रथम संधी, असे ते अभिवचन होते. पण घरे उभी राहण्यास वर्षांमागून वर्षे गेली. माणसे दूरच्या गावी पांगली, कित्येक निवर्तली, आणि पुष्कळ दाखले वापरलेच गेले नाहीत. पुढे कॅलिफोर्निया राज्याने आपल्या साऱ्या पुनर्विकास संस्थाच १ फेब्रुवारी २०१२ रोजी विसर्जित केल्या.

संस्था गेली, पण वचन गेले नाही. दाखल्यांचे काम आज शहराच्या महापौरांचे गृहनिर्माण व वस्ती-विकास कार्यालय पाहते. परवडणाऱ्या घरांची सोडत निघते, तेव्हा या दाखल्यास अग्रक्रम मिळतो. मात्र उत्पन्नाच्या अटी इतरांप्रमाणेच पाळाव्या लागतात. २०२१ साली राज्याने कायदा केला आणि उठविलेल्या कुटुंबांच्या वंशजांसही हा हक्क दिला.

आता वाचकांनी क्षणभर विचार करावा. आजोबांचे घर पाडले, त्याला अर्धशतक होऊन गेले. ते घर जमिनीवर नाही. कित्येक ठिकाणी तर रस्त्याचे रूपही ओळखू येत नाही. नातू अर्ज करतो, तेव्हा आपले कुटुंब तेथे राहत होते हे त्याने कशावरून दाखवावे? त्यावेळी कोणा कारकुनाने वहीत लिहिलेला पत्ता आणि कुटुंबप्रमुखाचे नाव, हाच त्याचा मोठा आधार. ती यादी ३ वर्षांनी रद्दीत गेली असती, तर तिच्यासह नातवाचा हक्कही गेला असता; आणि कोणाही अधिकाऱ्याने नियम मोडला, असे म्हणता आले नसते!

पैशाचा हिशेब पुरा झाला म्हणजे माणसाचा हिशेब पुरा झाला, असे समजण्यात हा धोका आहे. खर्चाच्या पावत्या ३ वर्षांनी जाळल्या, तर कोणाचे फारसे बिघडत नाही. पण कोणास कोठून उठविले आणि त्यास काय कबूल केले, ही नोंद त्या कबुलीची पूर्तता होईपर्यंत राहिलीच पाहिजे. ज्या कचेरीने घर पाडले, तिने निदान घराचा पत्ता तरी सांभाळावा, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

हाच धडा आपल्या पत्र्याच्या पेटीसही लागू पडतो. कागद टाकण्यापूर्वी तो किती जुना आहे, एवढेच पाहू नये. यातील देणेघेणे, हक्क किंवा वचन अजून शिल्लक आहे काय, हे पाहावे. शिल्लक असेल, तर त्यावर वर्ष व प्रयोजन दोन शब्दांत लिहून तो जपून ठेवावा, आणि मुलांस एकदा पेटीजवळ बसवून तो कशाचा, हे सांगावे. सांगणारा गेल्यावर पिवळा कागद मुका होतो. आणि मुक्या कागदास रद्दीवाल्याची वाट फार लवकर सापडते.