पाण्याची साक्ष

चंद्रपूर शहराच्या जन्माची एक आख्यायिका आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी उठल्या होत्या आणि कोणत्याही उपायाने त्या बऱ्या होत नव्हत्या. एकदा तो शिकारीस गेला असता त्याला फार तहान लागली. झरपट नदीचे पात्र कोरडे पडले होते. परंतु एका खळग्यात थोडे पाणी होते. राजाने ते प्राशन केले, हातपाय व तोंड धुतले आणि तो झोपी गेला. दुसऱ्या दिवशी राणी पाहते तो राजाच्या गाठी नाहीशा झालेल्या! पुढे त्या जागी अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले आणि जवळच चांदा नगर वसले.

आज त्याच झरपट नदीत शहराचे सांडपाणी मिसळते. आख्यायिका खरी की कल्पित, याचा निवाडा करण्याचे आपल्याला कारण नाही. मात्र एक गोष्ट तीतून स्पष्ट होते. आपल्या पूर्वजांनी गावे वसविली, ती पाण्यावर विश्वास ठेवून. तो विश्वास आज ठेवावा काय? या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देता येत नाही. ते पाण्यालाच विचारावे लागते. हे काम केवळ मोठ्या शास्त्रज्ञांचेच आहे असेही नाही. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या निमित्ताने देशभरातील शाळकरी मुले आपल्या परिसरातील प्रश्नांचा असा शोध घेत आली आहेत. तुम्हालाही तो घेता येईल.

पाण्याची परीक्षा करताना पहिली सावधगिरी ही की, डोळ्यांवर सर्वस्वी भिस्त ठेवू नये. गढूळ पाणी वाईट दिसते. परंतु तुरटी फिरवून ते निवळता येते. उलट, स्फटिकासारख्या निर्मळ पाण्यात रोगजंतू किंवा अपायकारक क्षार असू शकतात. त्यांना रंग नसतो, वास नसतो आणि पुष्कळदा चवही नसते. म्हणून परीक्षेसाठी आणलेले पाणी कधीही चाखून पाहू नये. तसेच नमुना घेण्यासाठी शिक्षकांवाचून नदीत किंवा तलावात उतरू नये.

नमुना घेणे हीसुद्धा एक विद्याच आहे. स्वच्छ बाटली घ्यावी आणि ज्या पाण्याचा नमुना घ्यावयाचा, त्याच पाण्याने ती तीनदा विसळावी. रोगजंतूंच्या परीक्षेसाठी मात्र निर्जंतुक केलेली बाटली न विसळताच भरावी. हातपंप असेल तर काही वेळ पाणी वाहू द्यावे, म्हणजे नळीत साचलेले पाणी निघून जाते व जमिनीतील पाणी हाती येते. बाटलीवर स्थळ, दिनांक व वेळ लिहावी. ज्या नमुन्यावर नाव नाही, त्याची साक्ष न्यायालयातील अनोळखी साक्षीदारासारखी निरुपयोगी ठरते. नदीचा नमुना एकाच ठिकाणी घेऊन भागत नाही. नाला नदीस मिळतो त्याच्या वरच्या बाजूस एक आणि खालच्या बाजूस एक, असे दोन नमुने एकाच दिवशी घ्यावेत. दोहोंतील फरक हा त्या नाल्याचा हिशेब होय.

आता परीक्षा. पाणी आम्ल आहे की अल्कधर्मी, हे रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीने कळते. या मोजपट्टीवर ६.५ ते ८.५ या अंकांमधील पाणी पिण्यास योग्य मानतात. विष्ठेतील जंतूंचा संशय असल्यास एक विशेष औषध घातलेली लहान बाटली मिळते. तीत पाणी भरून ती उबदार जागी एक-दोन दिवस ठेवतात. पाणी काळे पडले, तर ते दूषित असल्याची ती खूण होय. ही बाटली पुढे मोठ्या माणसांनीच हाताळावी. लोहाची ओळख पटविण्यासाठी तर आपल्या जंगलातला हिरडा पुरतो. पाण्यात लोह बरेच असेल, तर हिरड्याची पूड टाकताच ते निळसर काळे होते. कारण हिरड्यातील तुरट द्रव्याचा लोहाशी संयोग होतो.

परंतु दोष सापडला म्हणजे काम संपले असे नाही. खरा प्रश्न पुढेच आहे: हा दोष आला कोठून? या बाबतीत घाईने बोट दाखविणे फार सोपे असते. चंद्रपूर परिसरात दगडी कोळशाच्या खाणी आहेत, २,९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे, कारखाने आहेत. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा अतिगंभीर प्रदूषित क्षेत्रांत चंद्रपूरचा क्रमांक चौथा होता. खाणीतून उपसलेल्या पाण्यात कोळशाचे कण व विरघळलेले क्षार असतात. राख नाल्यास मिळाली तर पाणी करडे होते. तेव्हा उद्योगांकडे संशयाने पाहणे चुकीचे नाही. मात्र प्रत्येक दोषाचे खापर त्यांच्या माथी फोडले, तर खरे कारण निसटून जाते.

रामाळा तलावाचेच उदाहरण घ्या. चंद्रपूरच्या या गोंडकालीन तलावावर जलपर्णीचे दाट आच्छादन पसरत आले आहे. ही वनस्पती उपटून टाकावी, असे कोणासही वाटेल. पण जलपर्णी हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे. सांडपाण्यातून येणारी नत्र व स्फुरद ही द्रव्ये तिचे खाद्य होत. नाला वाहता आहे तोवर, आज उपटलेली जलपर्णी पुन्हा पसरणारच. या तलावाच्या रक्षणासाठी २०२१ साली चंद्रपुरातील इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी उपोषण केले होते. येथे दोष दूरच्या धुराड्याचा नाही. तो आपल्याच घरांच्या मोऱ्यांतून निघालेला आहे.

दुसरे उदाहरण याहून विलक्षण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आढळते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरी सोयच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे एक हजार लिटरच्या टाकीत अवघे दीड ग्रॅम! त्याहून अधिक फ्लोराइड लहानपणापासून पोटात गेले, तर दातांवर पांढरे ठिपके व तपकिरी पट्टे उमटतात; अनेक वर्षांनी हाडेही ताठरतात. हे फ्लोराइड कोणी पाण्यात टाकलेले नसते. ते भूगर्भातील खडकांतून हळूहळू विरघळत येते. उघड्या विहिरींतील रोगजंतूंपासून सुटका व्हावी, म्हणून गावोगावी खोल विंधनविहिरी खोदल्या गेल्या. त्यांनी एक संकट टाळले; पण काही ठिकाणी खडकातले दुसरे संकट वर आणले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. अशा गावातील मुलाच्या दातांवर डाग दिसले, तर ‘हा दात घासत नाही’ असे म्हणून त्याला हसू नका. घासून ते डाग जात नाहीत, कारण दात तयार होतानाच ते त्यात भिनलेले असतात. दोष मुलाचा नसून पाण्याचा आहे. त्याला चेष्टेची नव्हे, तर दुसऱ्या पाण्याची गरज आहे.

कारण बदलले की उपायही बदलतो. रोगजंतू पाणी उकळल्याने मरतात. परंतु फ्लोराइड उकळून जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते! लोहाचेही असेच तारतम्य पाहावे लागते. गडचिरोलीच्या लोहयुक्त भूमीत हातपंपाचे पाणी निघताना स्वच्छ असते आणि हवा लागताच तांबूस होऊ लागते. गावातील सर्व पंपांचे पाणी असे होत असेल, तर लोह जमिनीतले असावे. एकाच पंपाचे होत असेल, तर गंजलेल्या नळीचा संशय घ्यावा. पहिल्या बाबतीत पाणी हवेत खेळवून गाळावे लागते. दुसऱ्या बाबतीत नळी बदलावी लागते.

कारण शोधण्याचे उत्तम साधन म्हणजे नकाशा. १८५४ साली लंडन शहरात पटकीची साथ आली. दूषित हवेने हा रोग होतो, अशी त्या काळी समजूत होती. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू कोणकोणत्या घरांत झाले याची घरोघर चौकशी केली. ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती ते मृत्यू दाट झालेले दिसले. त्यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढण्यात आला. तुम्हीही आपल्या गावाचा नकाशा काढा. त्यात विहिरी, पंप, नाले, उकिरडे, शौचालये व गोठे दाखवा आणि प्रत्येक ठिकाणच्या परीक्षेचा निकाल लिहा. वृद्धांना पूर्वीचे पाणी कसे होते ते विचारा. पावसाळ्यापूर्वी व नंतर पुन्हा परीक्षा करा. मग शाळेच्या निष्कर्षाची सरकारी प्रयोगशाळेत खात्री करून घ्या आणि तो ग्रामसभेपुढे मांडा. शाळेची साधने संशय दाखवितात. शेवटचा निर्णय प्रयोगशाळेचा असतो.

झरपट इरईस मिळते, इरई वर्धेस, वर्धा वैनगंगेस. त्या दोघींची प्राणहिता होते आणि गडचिरोलीच्या सीमेवरून वाहत ती गोदावरीत विलीन होते. चंद्रपुरातील एका मोरीचे पाणी असे किती तरी गावांच्या दारावरून जाते! त्या गावांतील माणसे आपल्याला ओळखत नाहीत, परंतु आपण सोडलेले पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचते. ज्याला हे कळले, त्याला पाण्याच्या शुद्धतेचा धडा वेगळा शिकविण्याची गरज उरत नाही.

स्वाध्याय

१. निर्मळ दिसणारे पाणी नेहमीच शुद्ध असते काय? सकारण लिहा.
२. ‘जलपर्णी हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे’, या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. रोगजंतू व फ्लोराइड यांवरील उपाय निरनिराळे का आहेत?
४. आपल्या गावातील पाणवठ्यांचा नकाशा काढा व त्याविषयी दहा ओळी लिहा.