अनारशावरची खसखस आणि सिस्टरची बाटली

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. फराळाचे डबे तळाला गेले होते. अशा एका दुपारी आमच्या शेजारच्या काकू पदरानं डोळे पुशीत आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. यवतमाळात दारव्हा रोडला आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांची मुलगी आमच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिनं इथंच नर्सिंगचा कोर्स केला, एका दवाखान्यात सहा वर्षं रात्रपाळ्या काढल्या आणि मग परीक्षा देऊन अमेरिकेला गेली. यंदा तीन वर्षांनी दिवाळीला घरी आली होती. परत गेल्यावर नव्या हॉस्पिटलात रुजू व्हायचं होतं.

"माह्या अनारशानं पोरीची नोकरी गेली वं बाई!" काकू म्हणाल्या.

मला आधी हसूच आलं. अनारसा बिघडला तर तुपात विरघळतो, फार तर सुनेची परीक्षा होते. नोकरी कशी जाईल? पण काकूंचा चेहरा पाहून हसू आवरलं आणि सगळी हकिगत ऐकली.

निघताना काकूंनी अनारशांचा डबा दिला होता. वऱ्हाडातल्या हाताचे अनारसे, खसखस कशी सढळ. विमानातलं जेवण मुलीला गेलं नाही, तिनं अनारशांवरच भूक भागवली. उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर पुन्हा चार-पाच खाल्ले. आणि त्याच दुपारी नव्या नोकरीआधीची लघवी तपासणी झाली. दोन दिवसांनी फोन आला: तुमच्या नमुन्यात अफूच्या जातीचा पदार्थ दिसतो आहे, तूर्त रुजू होता येणार नाही.

आपल्याकडं नोकरीला लागताना लघवी तपासतात ती साखर आणि अल्ब्युमिनसाठी. बाकी आपल्या बायकांना ती बाटली ठाऊक असते ती दिवस गेले की नाही हे पाहण्यापुरती. तिकडची तऱ्हा वेगळी. १९८६ साली अध्यक्ष रेगन यांनी सरकारी नोकरांनी अमली पदार्थांपासून दूर राहावं असा हुकूम काढला, आणि लघवीची तपासणी सरकारी कचेऱ्यांतून ट्रकचालक, वैमानिक असं करत खाजगी नोकऱ्यांतही शिरली. दवाखान्यांनी ती उचलली याला कारणही आहे. मॉर्फिन, पेथिडिन, फेंटानिल ही वेदना थांबवणारी इंजेक्शनं जिच्या हाताखालून जातात ती नर्स. थकवा, रात्रपाळ्या, पाठदुखी आणि हाताशी औषध. अशा स्थितीत त्या औषधाच्या आहारी गेलेल्या नर्सेस आहेत, हे तिथल्या नर्सेसनीच मान्य केलं. फ्लोरिडा राज्यात १९८० च्या दशकातच अशा नर्सेससाठी उपचार आणि देखरेखीची योजना निघाली. तेव्हा तपासणी म्हणजे निव्वळ छळ, असं मी म्हणणार नाही. ऑपरेशननंतर कळवळणाऱ्या पेशंटला मॉर्फिनऐवजी नुसतं पाणी टोचलं गेलं, तर त्याची दाद कोणाकडं मागायची?

पण तपासणी कशी होते ते ऐका. पर्स बाहेर ठेवायची, खिसे रिकामे करून दाखवायचे. संडासातल्या पाण्यात निळा रंग टाकलेला असतो, कुणी नमुन्यात पाणी मिसळू नये म्हणून. हात धुण्याचा नळसुद्धा बंद ठेवतात. बाटली हातात दिल्यापासून चार मिनिटांच्या आत तिचं तापमान पाहतात. अंगाच्या उबेइतकं नसेल तर संशय. मग नमुना दोन बाटल्यांत वाटून, त्यावर सील लावून, तुमची आद्याक्षरं घेऊन प्रयोगशाळेत जातो. "मावशी, पेशंटची बाटली मी हजारदा धरली असेन," मुलगी मला फोनवर म्हणाली, "पण आपली बाटली दुसऱ्यानं उजेडात धरून पाहिली की कसं होतं, ते त्या दिवशी कळलं."

आता खसखशीचं. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्या देशात मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच भागात आणि राजस्थानात चित्तोडगडकडं सरकारी परवान्यानं अफूची शेती होते. बोंडाला चिरा पाडून चीक काढतात, ती अफू. वाळलेल्या बोंडातून निघते ती आपली बिनधोक खसखस. बियांत नशा नसतेच म्हणा ना. पण बोंडाचा चीक आणि भुगा बियांना वरून चिकटलेला राहतो, त्यात मॉर्फिनचा अंश असतो. तो इतका थोडा की चार अनारसे खाऊन जांभईसुद्धा येणार नाही. मात्र तपासणीचं यंत्र नशा मोजत नाही. ते फक्त विचारतं, हा पदार्थ या शरीरातून गेला का? अनारशातून गेला की सुईतून, हे त्याला कळत नाही. किती अंश येईल हे खसखस कुठली, धुतलेली की नाही, यावर ठरतं. स्वच्छ धुऊन, भिजवून, भाजून घेतली तर पुष्कळ कमी होतो. आणि साधारण दोन दिवसांत अंगातून निघून जातो. अनारसा खसखशीवर कोरडाच थापतात, धूत कोण बसतं?

ही काकूंच्या डब्याचीच गोष्ट आहे असं नाही. तिकडं पावावर, केकवर खसखस पेरून खातात. लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये ३०० नॅनोग्रॅमपर्यंत मॉर्फिन चालेल, त्यापुढं दोषी, अशी तिथली जुनी मर्यादा होती. पाव खाणारी माणसं त्यात अडकू लागली, तेव्हा १९९८ साली सरकारी तपासण्यांसाठी ती २००० वर नेली. पण खाजगी दवाखान्यांना जुना आकडा धरून बसायला कोण अडवतो? २०१० साली पेनसिल्व्हेनियात एक बाई बाळंतपणाच्या आदल्या दिवशी खसखस लावलेला पाव खाऊन दवाखान्यात गेली. तिथं कमी मर्यादेची तपासणी होती. तीन दिवसांच्या तान्ह्या मुलीला सरकारी माणसं घेऊन गेली आणि पाच दिवसांनी परत दिली. पुढं तिला १ लाख ४३ हजार ५०० डॉलर भरपाई मिळाली. पण पान्हा फुटलेल्या बाईचे ते पाच दिवस कुठल्या डॉलरांत मोजायचे, सांगा. अगदी अलीकडं, २०२३ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं आपल्या सैनिकांना खसखशीचे पदार्थ टाळा, अशी सूचना काढली.

आपल्या मुलीच्या बाबतीत नशिबानं पुढची पायरी रीतसर झाली. पहिली तपासणी ढोबळ असते. तिच्यावरून कुणालाही दोषी धरायचं नसतं. तिच्यानंतर दुसऱ्या यंत्रावर खात्रीची तपासणी करतात, त्यात नेमका कोणता पदार्थ आणि किती, हे कळतं. मग एक डॉक्टर फोन करून विचारतो, कोणती औषधं घेतली, काय खाल्लं. हेरॉइन घेतलं असेल तर लघवीत त्याची एक स्वतंत्र खूण सापडू शकते. खसखशीनं ती येत नाही. हिच्या नमुन्यात ती नव्हती आणि मॉर्फिनचा आकडाही किरकोळ निघाला. डॉक्टरांना अनारसा म्हणजे काय हे समजावता समजावता तिच्या नाकी नऊ आले, शेवटी तिनं डब्यात उरलेल्या दोन अनारशांचा फोटो पाठवला. नऊ दिवसांनी ती रुजू झाली. नोकरी गेली नव्हती, लांबली होती. पण त्या नऊ दिवसांत इकडं काकूंना घास गोड लागला नाही, आणि तिकडं ती खोलीबाहेर पडली नाही.

हे सगळं झाल्यावर मी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त सिस्टरकडं गेले. इथल्याच दवाखान्यांत तीस-एक वर्षं नोकरी केलेल्या बाई. म्हटलं, तुमची कधी अशी तपासणी झाली का हो? त्या म्हणाल्या, "आमची लघवी कुणी तपासली नाही. आमचं रजिस्टर तपासलं."

त्यांच्या तोंडी अजून 'डीडीएचं कपाट' असतं. १९३० च्या जुन्या अफू-मॉर्फिनच्या कायद्याच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं. तो कायदा जाऊन १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा नवा कायदा आला, २०१४ साली त्यातही दुरुस्ती झाली, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटांना मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं. पण कपाटाचं नाव काही बदललं नाही. दुहेरी कुलूप. किल्ली ड्यूटीवरच्या सिस्टरच्या कमरेला, घरात सासूबाईंच्या कमरेला असते तशी. पाळी बदलली की दोघींनी मिळून एकेक अँप्यूल मोजायची, मग सही. पेशंटला अर्धं इंजेक्शन दिलं तर उरलेलं अर्धं दुसऱ्या कुणासमोर टाकून द्यायचं, त्याचीही सही. रिकामी फुटकी अँप्यूलसुद्धा जपून ठेवायची, कारण ती परत केल्याशिवाय नवी मिळत नाही.

"एकदा रात्री तीन वाजता पेथिडिनची अँप्यूल हातातून पडली," त्या सांगत होत्या. "काचा गोळा केल्या, रुमालात बांधल्या, बोट कापलं. सकाळी चौकशी. बरोबरची मुलगी नेमकी चहाला गेली होती, पाहिलेलं कुणी नाही. सहा महिने माझ्याकडं किल्ली दिली नाही. पगार कापला असता तर बरं वाटलं असतं." सांगताना त्यांनी ते बोट पुढं केलं. वण अजून आहे.

मला वाटलं, त्या रात्री एखाद्या बाटलीत लघवी देऊन सुटका झाली असती, तर या बाईंनी आनंदानं दिली असती. पण तिथंही मेख आहेच. अफूची साधी तपासणी मॉर्फिन ओळखते. पेथिडिन आणि फेंटानिल ही वेगळ्या घडणीची औषधं तिला सापडत नाहीत, त्यांची तपासणी स्वतंत्र करावी लागते. अमेरिकेच्या सरकारी यादीत फेंटानिल आलं तेच २०२५ साली. म्हणजे इतकी वर्षं कपाटातलं टोचून घेणारी सुटायची शक्यता, आणि आईच्या हातचा अनारसा खाणारी अडकायची!

आपल्याकडं वैमानिक आणि विमानांची वाहतूक सांभाळणारे यांची अशी अचानक तपासणी ३१ जानेवारी २०२२ पासून सुरू झाली. उद्या ती नर्सेसपर्यंत आली तर मला नवल वाटणार नाही. येवो बापडी. मात्र नोकरीच्या नावाखाली बाईच्या शरीराची किती झडती घ्यावी, हा प्रश्न आपल्या कोर्टानं एकदा पाहिलेला आहे. आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्मात उमेदवार बाईंना पाळीच्या तारखा आणि गर्भधारणांचा हिशेब विचारत. बाळंतपणाच्या रजेवर असताना कामावरून काढलेल्या एका बाईंनी दाद मागितली, तेव्हा १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं तिला कामावर परत घ्यायला लावलं आणि ते रकाने फॉर्ममधून काढायला सांगितले.

आता ज्यांच्या मुली, सुना, भाच्या बाहेर नोकरीला निघाल्यात त्यांच्यासाठी थोडं कामाचं. तपासणीआधी तीन-चार दिवस खसखस पूर्ण बंद. अनारसे आठवतात, पण सावजी रश्शातलं वाटण, करंजीचं सारण, डिंकाचे लाडू, झोप यावी म्हणून दिलेली खीर, हे विसरतं. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, त्याचं अंगात मॉर्फिन होतं; घरातली उरलेली बाटली मुलीच्या बॅगेत टाकू नका. झोपेच्या गोळ्याही तपासणीत दिसतात, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी, इंग्रजीत लिहिलेली, तिच्याजवळ असू द्या. महाशिवरात्रीची नाहीतर होळीची भांग गंमत म्हणून घेतली तर ती काही दिवस, आणि नेहमी घेणाऱ्याच्या अंगात काही आठवडे सापडते. पहिल्या तपासणीत काही निघालंच, तर घाबरून कबुली देऊ नये. खात्रीची तपासणी मागावी, ती झाल्याचा कागद मागावा. आणि संयुक्त अरब अमिरात किंवा सिंगापूरला निघालेल्या मुलीच्या सामानात खसखस अजिबात नको. तिथं ती आणायलाच बंदी आहे, मग ती पुडीतली असो की फराळाच्या डब्यातली.

परवा काकू पुन्हा ओट्यावर आल्या, या खेपेला हसऱ्या. पुढच्या वेळी बरोबर द्यायचे अनारसे तिळावर थापणार म्हणे. "खसखशीचे येगळे करीन. ते तिनं इथंच, माह्यासमोर बसून खायचे. अन् जायच्या चार दिवस आधी डबा मी कुलपात ठेवतो."

मी विचारलं, "किल्ली कोणाकडं?"

काकूंनी कमरेला हात लावून दाखवला.