तेलाच्या पापुद्र्यावर फिरणारा क्रँक

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणाऱ्या आणि पुढे ‘पद्मिनी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या फियाट मोटारीचे 1089 सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, ऑक्टोबर 2023 मध्ये या मोटारीची टॅक्सी म्हणून मुंबईतील सेवा संपेपर्यंत, उपनगरांतील गॅरेजांमध्ये पुन्हा पुन्हा उघडले आणि बांधले गेले. अशा इंजिनकामाच्या केंद्रस्थानी असतो तो क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल फिरत्या गतीत बदलून ती गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा वाकणांचा पोलादी दांडा. हा दांडा ज्या आधारांवर फिरतो ती मेन बेअरिंग. पद्मिनीच्या इंजिनात ती तीन होती, तर आजच्या बहुतेक चार सिलिंडरांच्या इंजिनांत पाच असतात.

मेन बेअरिंगमध्ये सायकलच्या चाकातल्यासारखे छर्रे नसतात. पोलादी पाठीवर मऊ मिश्रधातूचा थर चढवलेल्या दोन अर्धगोल पट्ट्या, ज्यांना शेल म्हणतात, दांड्याच्या गुळगुळीत भागाला, म्हणजे जर्नलला, वरून आणि खालून कवेत घेतात, आणि शेल व जर्नल यांच्यातील साधारण 0.02 ते 0.06 मिलिमीटरच्या फटीत पंपाने आलेले तेल भरलेले असते. दांडा फिरू लागला की तो तेल आपल्याबरोबर ओढून अरुंद जागेत कोंबतो आणि तेथे इतका दाब निर्माण होतो की धातूला धातू लागतच नाही. इंग्लंडमध्ये रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करणाऱ्या ब्यूशॅम्प टॉवर यांनी 1883 मध्ये बेअरिंगच्या माथ्यावरील भोकात लाकडी खुंटी ठोकली असता तेलाने ती बाहेर ढकलली. या दाबाची गणिती उपपत्ती ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये मांडली. बेअरिंग झिजते ते मुख्यतः तेलाचा हा पातळ पापुद्रा तुटल्यामुळे, म्हणून नवे शेल बसवण्याआधी तो का तुटला याचा शोध लागणे आवश्यक ठरते.

मुंबईत पापुद्रा तुटण्याची कारणे ठळक आहेत. पश्चिम द्रुतगती मार्गावर किंवा घाटकोपर-अंधेरी पट्ट्यात वाहन किलोमीटर थोडे कापते, पण इंजिन तासन्‌तास चालू राहते, त्यामुळे केवळ किलोमीटर पाहून तेल बदलणाऱ्या मालकाच्या इंजिनातील तेल हिशेबापेक्षा आधीच थकलेले असते. गरम होऊन पातळ झालेल्या तेलाचा दाब सिग्नलवर इंजिन मंद चालताना सर्वांत कमी असतो, आणि फट वाढलेल्या इंजिनात ऑइलचा लाल दिवा नेमका तेव्हाच लुकलुकतो. पावसाळा हे दुसरे कारण. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. अशा मोटारीच्या तेलात पाणी शिरले तर ते दुधाळ होते आणि त्याची पापुद्रा धरण्याची शक्ती जाते. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले न गेल्याने पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यामुळे अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाण्यात बंद पडलेली गाडी सेल्फ मारून पाहण्यापेक्षा ओढून नेणेच शहाणपणाचे.

क्रँकच्या दोन्ही टोकांना तेल बाहेर येऊ न देणारी ऑइल सील असतात. पुढचे सील पुलीमागे असल्याने तुलनेने सहज बदलता येते; मागचे मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसत असल्याने त्याच्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि सीलच्या किमतीपेक्षा मजुरी कितीतरी अधिक होते. तेथून झिरपणारे तेल क्लच प्लेटवर पडले तर क्लच सरकू लागतो. नवे सीलही लवकरच गळू लागले, तर क्रँककेसमधील वायू बाहेर काढणारी नळी तुंबून आत दाब वाढला आहे काय, किंवा जुन्या सीलच्या ओठाने दांड्यावर खाच पाडली आहे काय, हे तपासावे लागते.

बेअरिंगचे काम हे हातोडीपेक्षा मायक्रोमीटरचे काम आहे. प्रत्येक जर्नल अनेक ठिकाणी मोजून तो लंबगोल किंवा निमुळता झाला आहे काय ते पाहतात. झीज मर्यादेबाहेर असल्यास क्रँक घासून घेऊन, सामान्यतः 0.25 मिलिमीटरच्या टप्प्याने, जाड अंडरसाइज शेल घालतात. अनेक आधुनिक क्रँक कठीण पृष्ठभागामुळे घासण्यास योग्य नसतात, आणि काही कंपन्यांच्या इंजिनांत रंगांच्या खुणांवरून शेलची जाडी निवडावी लागते. शेलमागे तेल वा कचरा राहू न देता, त्याचे छिद्र ब्लॉकमधील तेलाच्या मार्गाशी जुळवून, शेलचा अर्धा भाग ब्लॉकवर दाबून धरणारी प्रत्येक टोपी तिच्याच जागी व दिशेने बसवावी लागते, कारण ब्लॉक व टोप्या एकत्रच बोअर केलेल्या असतात. प्लास्टिगेज या चपट्या होणाऱ्या बारीक धाग्याने फट मोजल्यावर बोल्ट कंपनीच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळतात आणि प्रत्येक टोपीनंतर क्रँक हाताने फिरतो ना, हे पाहतात.

काढलेले जुने शेलही बोलके असतात. फिरण्याच्या दिशेने पडलेल्या ओरखड्यांवरून तेलातील कचरा, एकाच कडेच्या झिजेवरून वाकलेला रॉड वा क्रँक, आणि तांबूस थर उघडा पडलेल्या खालच्या शेलवरून झीज आतल्या थरापर्यंत पोचल्याचे, बहुधा तेलाच्या तुटवड्यामुळे, कळते. म्हणून मालकाने बिलाबरोबर हे शेल आणि जर्नलची मोजमापे मागून घ्यावीत. ती दाखवता येत नसतील तर इंजिन बांधले गेले, पण बिघाडाचे कारण बहुधा तसेच राहिले आहे असे समजावे.