फॉरमॅट मारण्यापूर्वी

यंदाच्या व्याख्यानमालेत संगणकावर बोलण्याचे निमंत्रण आले, तेव्हा आम्ही चिटणिसांना प्रथम हेच विचारले की, पत्ता चुकला तर नाही ना? आमचा सारा जन्म कामगारांत गेला. शाळा नववीतच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात. संगणकही आम्ही असाच, गरज पडली म्हणून, उघडून आणि बिघडवून शिकलो. परंतु चिटणीस म्हणाले, "युनियनच्या ऑफिसातील संगणकाची जी हकीकत तुम्ही मागे सांगितलीत, तीच इथे सांगा. गावात पुष्कळांना तिचा उपयोग होईल." तेव्हा ती हकीकत आधी सांगतो आणि मग तिच्या पोटातील शास्त्र सांगतो.

2019 सालच्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या ऑफिसचे छत दुरुस्तीला काढले. तीन आठवडे वीज बंद होती. काम संपल्यावर संगणक सुरू केला, तो पडदा निळा झाला, त्यावर एक रडवेला चेहरा आला आणि खाली इंग्रजीत अक्षरे उमटली : 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. म्हणजे ज्या तबकडीवरून सुरुवात करावयाची, तीच हाती लागत नाही. यंत्र स्वतःच पुन्हा सुरू झाले, पुन्हा निळे झाले, आणि तिसऱ्या खेपेस 'दुरुस्ती करता आली नाही' असे सांगून मोकळे झाले. आम्ही ते पोत्यात गुंडाळून रिक्षातून दुकानात नेले. दुकानातील मुलाने दोन मिनिटे पाहिले आणि निकाल दिला, "काका, विंडोज उडाले. फॉरमॅट मारावा लागेल. डेटा निघेल का, ते सांगता येत नाही."

आता त्या यंत्रात काय होते ते ऐका. 47 कामगारांचे ग्रॅच्युइटीचे दावे आठ दिवसांवर आले होते. त्या वेळी लागू असलेल्या 1972 च्या कायद्यान्वये नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हा हिशेब तोंडपाठ असून भागत नाही; वर्षे सिद्ध करावी लागतात. यांतील बहुतेकांजवळ नेमणुकीचे पत्र नव्हते. कोणाच्या ट्रंकेतून निघालेली पगाराची चिठ्ठी, कोणाचे जुने हजेरीकार्ड, असे वेचून वेचून आम्ही दोन वर्षे तक्ते तयार केले होते. कागद ज्याचे त्याला परत गेले होते, आणि आमच्याजवळची शेवटची प्रत चौदा महिन्यांपूर्वीची होती. हा दोष सर्वस्वी आमचा. दुकानदाराचा त्यात काही संबंध नाही.

परंतु आमच्या धंद्याची एक खोड आहे. मालक म्हणाला की अमुक माणूस निकामी आहे, त्याला काढतो, तर आम्ही पहिला प्रश्न करतो : चौकशी झाली का? आरोपपत्र कोठे आहे? येथे तर चौकशीवाचून बडतर्फीच चालली होती. आम्ही यंत्र उचलून परत आणले आणि शांतपणे न्याहाळू लागलो. तेव्हा ध्यानात आले की, त्याच्या घड्याळात दहा वर्षांपूर्वीची तारीख दिसत आहे. तबकडी बिघडली म्हणून तारीख कशी बदलेल? याचा अर्थ दुखणे दुसरीकडेच होते.

संगणकाच्या मुख्य पट्टीवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो. सीआर 2032 असे त्याचे नाव. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे आणि बायॉस नावाच्या मूळ व्यवस्थेतील पसंत्या स्मरणात ठेवणे, एवढेच त्याचे काम. तो सेल मेला. तीन आठवडे वीज नसल्याने बायॉस सगळे विसरला आणि कारखान्यातून येताना जसा होता तसा झाला. त्या विस्मरणात एक पसंती अशी होती की, तीवर आमचे विंडोज अवलंबून होते : हार्ड डिस्कच्या कंट्रोलरची पद्धत.

कंट्रोलर म्हणजे हार्ड डिस्क आणि बाकीचे यंत्र यांमधील मुकादम. (ग्रॅच्युइटीच्या त्या कायद्यातही एक 'नियंत्रक प्राधिकारी' असे. त्या आठवड्यात दोन्हीकडच्या नियंत्रकांनी आम्हांस सारखेच जागविले.) हा मुकादम दोन-तीन भाषांत बोलू शकतो. आयडीई ही त्यांतील जुनी भाषा. 1986 च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल, कंट्रोल डेटा आणि कॉम्पॅक या कंपन्यांनी मिळून ती पद्धत आणली. तिची ती रुंद, चपटी, करड्या रंगाची केबल पुष्कळांना आठवत असेल. 2003 मध्ये सॅटा नावाची बारीक केबल आली, आणि पाठोपाठ 2004 मध्ये इंटेलने एएचसीआय ही नवी पद्धत प्रसिद्ध केली. आयडीईत मुकादम एका वेळी एक मागणी घेतो, ती पुरी करतो, मग दुसरी घेतो. एएचसीआयमध्ये तो बत्तीस मागण्यांपर्यंत जवळ बाळगतो आणि डिस्कला सोयीच्या क्रमाने त्या उरकता येतात. टपालवाला पत्रे गल्लीवार लावून घेतो आणि मगच सायकलवर बसतो, तसे.

मग नवी भाषा असताना आमचे यंत्र जुन्या भाषेवर का होते? याचे उत्तर मौजेचे आहे. विंडोज एक्सपी 2001 मध्ये निघाले, म्हणजे एएचसीआय जन्मण्यापूर्वी. त्याला ही भाषा ठाऊकच नव्हती. एक्सपी चढविताना एएचसीआय हवे असेल तर आरंभीच एफ 6 हे बटण दाबून फ्लॉपीवरून वेगळा ड्रायव्हर द्यावा लागे. एवढी यातायात कोण करणार? दुकानदार बायॉसमध्ये 'आयडीई' निवडत आणि मोकळे होत. आमचे यंत्र तसेच आले. पुढे त्यावर विंडोज 7 चढले, नंतर विंडोज 10 चढले. एक्सपी जाऊन वर्षे लोटली, तरी त्याच्यासाठी केलेली तडजोड तशीच राहिली. जुन्या करारातील कलमे अशीच कोणी न वाचता पुढच्या करारात उतरतात, हे आम्ही उभ्या आयुष्यात पाहिले आहे.

आता खरा प्रश्न. विंडोज 10 ला एएचसीआय उत्तम येते. तो ड्रायव्हर त्याच्याच पोटात आहे. मग पद्धत बदलताच ते आंधळे का व्हावे?

पूर्वी गिरण्यांत कायम कामगारांखेरीज 'बदली' कामगार असत. ते पहाटे दाराशी येऊन उभे राहत. कोणी गैरहजर असेल तरच त्यांना आत घेत. विंडोजमध्ये प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे असाच एक आकडा लिहिलेला असतो. 0 म्हणजे अगदी पहिल्या क्षणी हजर होणारा. 3 म्हणजे बोलावले तर येणारा. 4 म्हणजे ज्याचे नाव कमी केले आहे असा. विंडोज चढविताना जो कंट्रोलर समोर दिसतो, त्याच्या ड्रायव्हरला कायमच्या यादीत घेतले जाते आणि इतरांना मागे ठेवले जाते. रोज नको असलेली माणसे पहाटे उठवून वेळ का दवडावा, असा त्यात विचार आहे, आणि तो वावगा नाही.

यंत्र सुरू होते तेव्हा पहिली पावले बायॉसच्या मदतीने पडतात. विंडोजचा गाभा आणि 0 आकड्याचे ड्रायव्हर एवढे सामान बायॉसच्या हाताने डिस्कवरून आत येते. त्यानंतर बायॉसचा हात सुटतो. पुढचे वाचन विंडोजने आपल्या ड्रायव्हरकरवी करावयाचे. मुकादम आता एएचसीआय बोलतो आहे, आणि आत आलेला दुभाषी तेवढा आयडीईचा आहे. एएचसीआयचा दुभाषी डिस्कवरच झोपला आहे, आणि डिस्क वाचण्यासाठी तोच हवा आहे. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप! निळा पडदा म्हणतात तो हाच. विंडोज 7 पर्यंत याच दुखण्यावर शून्ये आणि शेवटी 7बी असा आकडा येई.

म्हणजे तबकडी शाबूत, तक्ते शाबूत, विंडोजही शाबूत. हजेरीपटावर एका नावापुढचा आकडा तेवढा चुकीचा. त्यासाठी फॉरमॅट मारणे म्हणजे एका माणसाची पाळी बदलली म्हणून गिरणी पाडण्यासारखे होते.

आम्ही नवा सेल बसविला. पाव किलो शेंगदाण्याच्या भावात येतो. बायॉसमध्ये शिरून 'सॅटा मोड' पुन्हा 'आयडीई' केला, तारीख नीट केली आणि यंत्र चालू केले. जुना पडदा, जुनी चित्रे, 47 तक्ते, सगळे जागच्या जागी होते. खुर्चीवरून उठवेना, एवढे खरे.

दावे दाखल झाल्यावर, सभासदांनी वर्गणी काढून नवी एसएसडी घेतली, तेव्हा मात्र आम्ही बुद्ध्याच एएचसीआयकडे गेलो, विंडोज पुन्हा न चढविता. ती रीत विंडोज 8 पासून पुढच्या सर्वांना लागू आहे, म्हणून सावकाश सांगतो. प्रथम सगळ्या कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. पद्धत बदलल्याने कागद पुसले जात नाहीत. तरी घ्यावी, आम्ही ठेच खाल्ली आहे. दुसरे, यंत्रावर बिटलॉकरचे कुलूप आहे का ते पाहावे. नव्या लॅपटॉपवर ते मालकाच्या नकळतही लागलेले असते. असल्यास त्याला तात्पुरती स्थगिती द्यावी आणि त्याची 48 आकडी किल्ली कागदावर लिहून घ्यावी, नाहीतर बदलानंतर यंत्र तीच मागत बसेल. तिसरे, चार आकड्यांच्या पिनवर विसंबू नये. खात्याचा पुरा पासवर्ड माहीत असावा, कारण पुढे जो सेफ मोड लागणार आहे, त्यात पिन चालेलच असे नाही.

मग विंडोजच्या शोधपट्टीत 'एमएसकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत लिहून जी खिडकी उघडते, तीत 'बूट' या पानावर 'सेफ बूट'पुढे खूण करावी आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. सुरू होताना विंडोजपर्यंत जाऊ देऊ नये; डिलीट, एफ 2 किंवा त्या कंपनीचे जे बटण असेल ते दाबून सरळ बायॉसमध्ये शिरावे, सॅटाची पद्धत एएचसीआय करावी आणि जतन करून बाहेर पडावे. आता विंडोज सेफ मोडमध्ये उठेल. या अवस्थेत ते रोजची काटकसर बाजूला ठेवते आणि आपल्या पदरचे साठवणीचे ड्रायव्हर उभे करून पाहते. एएचसीआयच्या ड्रायव्हरला त्याचा कंट्रोलर सापडतो आणि त्याचे नाव कायमच्या यादीत लागते. पुन्हा एमएसकॉन्फिग उघडून खूण काढावी, पुन्हा सुरू करावे, की झाले. खूण काढावयास विसरलात तर यंत्र दर वेळी सेफ मोडमध्येच उठेल. त्याने घाबरू नये.

आणि नाहीच उठले तर? बायॉसमध्ये जाऊन जुनी पद्धत परत लावावी. या कामातील मोठा दिलासा हाच की, परतीची वाट बंद होत नाही. फक्त निळ्या पडद्यानंतर विंडोज जी बटणे पुढे करते, त्यांतील 'रीसेट'ला हात लावू नये.

विंडोज 7 वर अजून कोणाचे यंत्र असेल तर तेथे सेफ मोडवर विसंबू नये; रजिस्ट्रीत 'एमएसएएचसीआय' या नावापुढचा 'स्टार्ट'चा आकडा आधी 0 करावा आणि मगच बायॉस बदलावा.

तिसरी पद्धत 'रेड'. तिच्याविषयी इशारा द्यावा लागेल. दोन किंवा अधिक डिस्क जोडून एकच करून वापरल्या असतील, जसे मोठ्या पेढ्यांत वा प्रेसमध्ये असते, तर ही पद्धत मुळीच बदलू नये. तेथे मांडणीच मोडू शकते. परंतु पुष्कळ लॅपटॉप एकुलती एक डिस्क असताही 'रेड' किंवा 'इंटेल आरएसटी' लावूनच विकले जातात. तेथे वरचीच सेफ मोडची रीत चालते. मात्र जोडीला ऑप्टेन नावाची मदतनीस स्मृती असेल तर ती आधी बंद करावी.

हा भाग आज अनेकांच्या कामाचा आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा मोफत आधार संपला, आणि चांगली चालती यंत्रे भंगारात घालण्याऐवजी त्यांवर लिनक्स बसवावे असे संस्था, शाळा, वाचनालये यांच्या मनात येऊ लागले. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवावयास जावे, तर उबुंटूचा पडदा म्हणतो की, आधी आरएसटी बंद करा. काही ठिकाणी डिस्क दिसतच नाही. तेथे घाईने पद्धत बदलली की लिनक्स बसते, पण विंडोज निळे पडते आणि दोष बिचाऱ्या लिनक्सवर येतो. आधी विंडोजला सेफ मोडमधून एएचसीआयवर आणावे, मग लिनक्स बसवावे. लिनक्सला स्वतःला या बदलाचे एरवी फारसे वाटत नाही; ते बहुतेक सगळे दुभाषी सुरुवातीलाच सोबत घेऊन निघते.

वेग किती वाढला, असे दोघा-तिघांनी आम्हांस विचारले. जुन्या, फिरत्या तबकडीवर पत्रे लिहिणाऱ्याला फरक जेमतेम जाणवेल; तेवढ्यासाठी कोणी खटाटोप करू नये. एसएसडी असेल तर करावा.

आमच्या यंत्राच्या पेटीवर आता एक चिठ्ठी डकविलेली आहे. वरती सेल बदलल्याची तारीख, तिच्याखाली 'सॅटा मोड : एएचसीआय', आणि त्याखाली, शेवटची प्रत कोणत्या शनिवारी घेतली ते. शेवटची ओळ पेन्सिलीने लिहितो, म्हणजे दर आठवड्याला खोडता येते.